बाजाराचे ज्ञान : उपकार की हक्क?



आज एक प्रश्न आपल्यापुढे मांडतो. तो ऐकायला किताबी वाटेल, पण त्याचा जन्म भाजीच्या पाटीशेजारी झालेला आहे. ज्याला बाजार कळतो त्याने, ज्याला तो कळत नाही त्याला जवळ बसवून हिशेब लिहायला शिकवले, मालाची प्रतवारी दाखवली, भाव कसा ठरतो ते समजावले आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही, तर त्याने नेमके काय केले? उपकार केला, सदका दिला, की जे मुळात त्या माणसाचेच होते ते त्याला परत केले? हा शब्दांचा खेळ नाही. उपकार असेल, तर तो करणाऱ्याच्या मर्जीवर असतो. सवड असेल तेव्हा आणि झेपेल तेवढा करावा, न केला तरी गुन्हा नाही. पण ते हक्काचे देणे असेल, तर देणेकऱ्याने घेणेकऱ्याच्या दारी जायचे असते.

वडगाव निंबाळकर आणि आसपासच्या गावांचे उदाहरण घेऊ. बारामती-नीरा रस्त्यावरचा हा पट्टा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. ज्याच्याकडे चार एकर आणि पाणी आहे, तो ऊस लावतो. त्याचा ऊस सोमेश्वर कारखान्याला जातो आणि त्याला किती दर मिळावा यासाठी कायदा आहे, सभासदत्व आहे, वार्षिक सभा आहे. दर पटला नाही तर भांडता तरी येते, कारण भांडायला समोर कोणी तरी असतो. परंतु ज्याच्याकडे वीसच गुंठे आहेत आणि जो त्यांत मेथी, कोथिंबीर, वांगी पिकवतो, त्याच्या जुडीचा भाव कोणत्याही सभेत ठरत नाही. तालुक्याच्या सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात तर पाण्याचीच ओढ, तिथे भावाची चर्चा पुढची. हा माल ग्राहकापर्यंत नेणाऱ्यांत आपले बागवान आहेत, तांबोळी आहेत. त्यांच्या शेजारी बांगड्यांची पेटी उघडून बसलेला मणियार आहे. आणि माळी, मराठा, दलित समाजातल्या कितीतरी बहिणी डोक्यावर पाटी घेऊन त्याच बाजारात येतात. या साऱ्यांचा धंदा एकाच गोष्टीवर चालतो, ती म्हणजे आज पहाटे कुणाला काय ठाऊक होते.

या माणसांना मोफत शिकवणाऱ्या संस्था आज आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. पुष्कळ घरांत ते ठाऊकच नाही. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळचा न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगाराची एक प्रशिक्षण संस्था काढली. तिचाच नमुना घेऊन पुढे केंद्र सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या केल्या. त्या बँकांकडून चालवल्या जातात. पुणे जिल्ह्यात ही जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. शिकणे, राहणे, जेवण यांचे काही पडत नाही, आणि वर्ग संपल्यावर दोन वर्षे शिकलेल्याचा पाठपुरावा करायचा, असा या योजनेचा नियम आहे. आपल्या अगदी जवळ, माळेगावच्या शारदानगर परिसरात बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. शेतकऱ्यांची प्रशिक्षणे हे अशा केंद्रांचे मुख्य कामच आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली आणि पुढे त्यांच्याच संस्थेने ग्रामीण बायकांसाठी व्यवसायाची शाळा काढली. या बँकेच्या परवान्याची हकीकत प्रसिद्ध आहे. अर्जावर बायकांचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. मग त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या की लिहायला उशिरा शिकलो असू, पण हिशेब आम्ही तोंडी करतो, अधिकाऱ्यांनी यंत्रावर करून पाहावा. तो हिशेब व्याजाचा होता, हे मला एक इमाम म्हणून खटकते आणि ते मी लपवत नाही. पण निरक्षर माणसाला हिशेब येत नाही हा आपला जो समज आहे, तो त्या बायकांनी खोटा ठरवला, हेही खरे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात बाहेरगावचे लोक धान्य आणि इतर माल घेऊन मदिनेच्या बाजाराकडे येत असत. काही चतुर व्यापारी शहराबाहेर वाटेतच त्यांना गाठत आणि बाजारात काय भाव चालू आहे हे त्यांना कळण्याआधीच सौदा उरकून घेत. आपण (स.) यांनी हे करण्यास मनाई केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही मनाई आलेली आहे. मुस्लिममधील रिवायतीत याहून एक पाऊल पुढे आहे. असा सौदा झालाच, आणि मग मालधनी बाजारात पोहोचला, तर तो सौदा कायम ठेवायचा की मोडायचा याचा अधिकार त्याला आहे.

या आदेशावर क्षणभर थांबा. त्या व्यापाऱ्याने चोरी केलेली नाही. माप मारलेले नाही. खोटी शपथही घेतलेली नाही. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता, पैसे रोख दिले गेले. तरीही शरीअत त्या सौद्यात हात घालते. कशासाठी? कारण विकणाऱ्याला चालू भाव कळण्याची संधीच मिळू दिली नव्हती, आणि ती मिळणे हा त्याचा अधिकार मानला गेला आहे. त्याचे अज्ञान हा दुसऱ्याच्या मिळकतीचा झरा होऊ शकत नाही. आणि याच्याच शेजारी दुसरी हदीस ठेवा. मदिनेत महागाई झाली, लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती मान्य केली नाही, भावाचा चढउतार अल्लाहच्या हाती आहे आणि कुणावर जुलूम केल्याचा दावा घेऊन मला त्याच्यासमोर जायचे नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. म्हणजे भाव बांधून दिला नाही, पण तो झाकूही दिला नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे बाजाराविषयीची इस्लामची भूमिका या दोन हदीसींच्या मधोमध उभी आहे.

तेव्हा बाजाराची माहिती ही मालधन्याची हक्काची वस्तू असेल, तर ती त्याच्यापर्यंत पोहोचवणारा माणूस दाता ठरत नाही. तो एक देणे चुकते करतो. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकऱ्याला आपला माल आवाराबाहेर, थेट विकण्याची मुभा मिळाली. ही गोष्ट ज्या शेतकऱ्याला आजही ठाऊक नाही, त्याला ती सांगणे याला आपण औदार्य म्हणायचे काय? कायद्याने जे त्याचे झाले, ते त्याला कळवले, एवढेच.

येथे मराठीचा एक विद्यार्थी म्हणून थोडे वाटेबाहेर जातो. आपल्या बाजारातले हिशेब, नफा, किंमत, जमा, दलाल, हक्क हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथेच मुरले. अरबीत 'नफअ' म्हणजे लाभ, भले. मदरशात आम्ही ज्या ज्ञानासाठी दुआ मागायला शिकलो, त्या 'इल्मे नाफेअ' म्हणजे लाभदायक ज्ञानात तेच मूळ आहे. नफा आणि नाफेअ एकाच घरची भावंडे. बाजारात बसून आपण त्यांतल्या एकालाच ओळख देतो.

आता तुमच्यापैकी धंदा करणारे म्हणतील, "मौलाना, मग नफा कमवायचाच नाही काय? पहाटे तीनला उठून मी बारामतीचा बाजार गाठतो, दहा अडत्यांकडे फिरतो, कुठे आवक जास्त आहे ते हेरतो. ही माहिती मी घाम गाळून मिळवली. ती फुकट का सांगू?" हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पहाटेचे उठणे, टेम्पोचे भाडे, टोमॅटो सडण्याची जोखीम, उन्हात दिवसभर बसणे, याचा मोबदला हलाल आहे. आपल्या कौशल्यावर कमावणेही हलाल आहे. पण कौशल्याने कमावणे वेगळे आणि समोरच्याला अंधारात ठेवून कमावणे वेगळे. सीमारेषा नेहमीच स्पष्ट दिसत नाही, हे मी मान्य करतो. तरी एक कसोटी वापरून पाहा. मालधन्याला उद्या खरा भाव कळला, तर तो तुम्हाला सलाम करील की तोंड फिरवील? तुमच्या कष्टाचे पैसे त्याला जास्त वाटतील, पण तो ते समजू शकेल. त्याच्या अज्ञानाचे पैसे तो विसरणार नाही.

आपले इमाम अबू हनीफा (रह.) फिक्हचे इमाम तर होतेच, पण कूफ्यात त्यांचा कापडाचा व्यापार होता. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. एक स्त्री रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभराची किंमत सांगितली. इमामसाहेब म्हणाले, याची किंमत अधिक आहे. ती शंभर-शंभराने वाढवत चारशेवर गेली, तरी त्यांचे उत्तर तेच. तिला वाटले, आपली थट्टा चालली आहे. तेव्हा त्यांनी जाणकार माणूस बोलावून घ्यायला सांगितले, आणि शेवटी ते वस्त्र पाचशेला घेतले. लक्षात घ्या, इथे इमामसाहेब घेणारे आहेत. किंमत सांगून त्यांचा स्वतःचा तोटा होत होता.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण मोफत प्रशिक्षणाची एक बाजू क्वचितच बोलली जाते. आपल्या बाजारातला छोटा विक्रेता एका हाताने दुबळा आहे आणि दुसऱ्या हाताने बलवान. अडत्यासमोर तो अजाण असतो, पण बांधावर येऊन वीस गुंठेवाल्याची वांगी उचलताना तोच जाणकार असतो. उद्या आपण फक्त विक्रेत्यांचा वर्ग भरवला, त्यांना भाव हेरायला, घासाघीस करायला शिकवले, तर त्या ज्ञानाचा पहिला वार कोणावर होईल? त्यांच्याहून गरीब असलेल्या शेतकऱ्यावर. ज्ञान एकालाच दिले, तर ते दुसऱ्याविरुद्धचे हत्यार होते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की अशा वर्गात शेतकरी आणि विक्रेता एकाच सतरंजीवर बसावेत, आणि बारामतीचा आजचा भाव फळ्यावर दोघांच्या देखत लिहिला जावा. सुरुवातीला अवघडलेपणा येईल. येऊ द्यावा. त्या सतरंजीवर कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा माणूस बसला आहे हेही पाहू नये; ऐच्छिक सदका आणि शेजाऱ्याचा हक्क यांत असा भेद नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते यात अधिक गंभीर बाब आहे. ज्याला आपण मोफत म्हणतो, ते खरोखर मोफत असते का?

समजा, आपली एक बहीण आठवड्यातून चार गावांचे बाजार करते आणि बाजारामागे तिच्या हाती चारशे रुपये उरतात. दहा दिवसांच्या निवासी वर्गाला गेली, तर तिचे पाच-सहा बाजार बुडतील. म्हणजे दोन हजार ते चोवीसशे रुपये गेले. रस्त्याकडेची तिची ठरलेली जागा दुसऱ्याने धरली. उधारीवाली गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. घरी म्हातारी सासू आणि शाळेतली मुले. वर्गाची फी शून्य, पण तो शून्य तिला अडीच हजारांना पडला. मग ती येत नाही, आणि आपण म्हणतो, "या लोकांना शिकायचेच नाही." हे विधान मी शिकलेल्या, जकात देणाऱ्या, चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे.

इमाम अबू हनीफांच्याच हलक्यात एक गरीब मुलगा बसायचा. घरच्यांनी त्याला उठवून कामाला लावले. काही वर्णनांत वडील येतात, काहींत आई. त्यांचेही काय चुकले? घरात दाणा नव्हता. मुलगा येईनासा झाला तेव्हा इमामसाहेबांनी विचारपूस केली, त्याला बोलावून शंभर दिरहमांची थैली हातात ठेवली आणि सांगितले की शिकायला येत राहा, हे संपले की कळव. पुढे त्याला कळवावे लागले नाही, थैली संपायच्या सुमारास दुसरी येत असे. तोच मुलगा म्हणजे इमाम अबू यूसुफ (रह.), जे पुढे हारून रशीदच्या काळात सर्वोच्च काजी झाले आणि ज्यांच्या 'किताबुल खराज' या ग्रंथात शेतकऱ्यावर कराचा अन्याय होऊ नये याचा इतका विचार आहे. इमामसाहेब शिकवण्याची फी घेत नव्हते. पण फी न घेण्यावर ते थांबले नाहीत, विद्यार्थ्याच्या बुडालेल्या मजुरीचाही भार त्यांनी उचलला.

याचा उगम आपल्याला प्रेषितांच्या (स.) चरित्रात सापडतो. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली कुऱ्हाडीची हदीस आपण अनेक बयानांत ऐकली असेल. अबू दाऊद आणि इब्ने माजा यांनी ती नोंदवली आहे. तिच्या सनदीवर मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, परंतु मोळी विकून खाणे हे हात पसरण्यापेक्षा चांगले, हा तिचा आशय बुखारीतील सहीह रिवायतीने बळकट होतो. मदिनेतील एक अन्सारी मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले गेले. एक जाडे कापड आणि एक पेला. प्रेषितांनी (स.) त्या दोन वस्तूंचा लिलाव केला, कुणी एक दिरहम म्हणाला, कुणी दोन, आणि दोन दिरहम आले. मग हुकूम झाला की एका दिरहमाचे अन्न घेऊन घरी पोहोचव आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आण. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या पवित्र हाताने बसवला. पंधरा दिवस लाकडे तोड, विक, तोवर इकडे दिसू नकोस, असे सांगितले. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

बयानात आपण कुऱ्हाडीवर थांबतो. मी आपले लक्ष पहिल्या दिरहमाकडे वेधू इच्छितो. कुऱ्हाडीआधी अन्न घरी गेले. चुलीची सोय झाल्यावर माणसाला जंगलात धाडले गेले. दुसरे म्हणजे लिलावात अधिक बोली मागितली गेली. गरिबाच्या जुन्या पेल्याचीही पुरी किंमत यावी याची काळजी घेतली गेली. तिसरे, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि मुदतीनंतर हिशेब पाहिला. दांडा बसवून देणे म्हणजे शिकवणे आणि साधन देणे, हे झाले मधले काम. त्याच्या आधीचा दिरहम आणि नंतरचा हिशेब यांशिवाय ते अपुरे आहे. आपल्याकडे शिबिरे मधल्या कामाचीच होतात. प्रमाणपत्र, पाहुण्यांचे भाषण, गटाचा फोटो. (फोटोविषयी एकच सांगतो. सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत सदका देऊन तो बोलून दाखवण्याविषयी जो इशारा आहे, तो व्हॉट्सॲपच्या गटालाही लागू आहे.)

आता तो प्रश्न, जो मला मशिदीच्या पायरीवर सर्वांत अधिक विचारला जातो. "प्रशिक्षण बँकेचे आहे. ते घेणे जायज आहे का?"

शिकणे जायज आहे. बद्रच्या लढाईतील जे कैदी मुक्तीची रक्कम देऊ शकत नव्हते, त्यांच्याकडून मदिनेतील मुलांना लिहिणे शिकवणे हीच मुक्ती म्हणून स्वीकारली गेली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. ते शत्रू होते, शिर्क करणारे होते, पण त्यांच्या अक्षरात शिर्क नव्हता. जमा-खर्च लिहिणे, माल टिकवणे, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी करून घेणे, हे कोणाकडूनही शिकावे. काट्याचे तर विशेष, कारण मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. वर्गानंतर कर्जाचे प्रकरण बँकेकडे पाठवणे हा या संस्थांच्या कामाचा भाग आहे, पण स्वतःच्या पैशावर धंदा उभा करणाऱ्यांचीही तिथे नोंद होते. शिकणे आणि कर्ज घेणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीला हो म्हणताना दुसरीला नाही म्हणता येते.

पण इथे थांबलो, तर मी माझे काम अर्धेच केले असे होईल. बाजारात सकाळी नऊशे हातात ठेवून संध्याकाळी हजार मोजून घेणारे सावकार असतात. एका दिवसाला शंभर! ज्या विक्रेत्याला मी मिंबरावरून व्याज हराम असल्याचे सांगून बँकेच्या दारातून परत फिरवतो, तो मशिदीतून निघून कुठे जातो याची मला खबर असली पाहिजे. शहरी फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२० मध्ये जी स्वनिधी योजना आणली, तीत सुरुवातीला दहा हजारांचे भांडवल आणि वेळेवर फेड केल्यास सात टक्के व्याज-अनुदान होते. अशा अनुदानाच्या कर्जाचा निवाडा प्रत्येकाने आपल्या परिस्थितीसह मुफ्तींसमोर ठेवावा. माझ्या लेखावरून हो किंवा नाही ठरवू नये. मात्र हे निःसंशय की हराम दाखवणाऱ्यावर हलाल मार्ग उघडण्याची जबाबदारी येते, आणि तो मार्ग कर्जे हसनाचा आहे. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देत आला आहे. तेवढे मोठे आपल्याला जमणार नाही. पण आपल्या आया-बहिणींची भिशी काय आहे? दहा जणींनी दरमहा हजार टाकायचे आणि पाळीपाळीने एकीने दहा हजार उचलायचे, यात व्याज कुठे आहे? (लिलावाची भिशी वेगळी, तिथे रक्कम लवकर उचलण्यासाठी सूट सोडावी लागते आणि तिथूनच व्याज आत शिरते. तिच्यापासून दूर राहावे.) वर्गातून शिकून आलेल्या विक्रेत्याला पहिली पाळी द्यायची एवढे ठरवले, तरी त्याचे भांडवल उभे राहते. कर्ज कितीही लहान असो, ते लिहून ठेवा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, बकरा २८२, नमाज-रोजाविषयी नाही, देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. आणि घेणारा अडचणीत आला, तर त्याला मुदत द्यावी, हे त्याआधीच्या २८० व्या आयतीत आहे.

जकातीविषयी एक मसअला स्पष्ट करतो, कारण त्यात चुका होतात. आपल्या हनफी फिक्हप्रमाणे जकात अदा होण्यासाठी ती हक्कदार गरिबाच्या मालकीत जावी लागते. म्हणून वर्गाच्या हॉलचे भाडे, प्रशिक्षकाचे मानधन, चहापाणी हे जकातीतून करता येत नाही. त्यासाठी लिल्लाह किंवा ऐच्छिक सदक्याची रक्कम वापरावी. परंतु जी बहीण जकातीची हक्कदार आहे, म्हणजे जिच्याकडे गरजेपलीकडे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी मालमत्ता नाही, तिच्या बुडणाऱ्या बाजारांची भरपाई तिच्या हातात रोख देता येते. तिला काटा, छत्री, क्रेट घेऊन तिच्या मालकीचे करून देता येतात. पहिला दिरहम आणि कुऱ्हाड, दोन्ही जकातीतून होऊ शकतात. कोकणातील आपल्या शाफई बांधवांच्या मसलकात तर इमाम नववी (रह.) यांनी 'अल-मजमूअ'मध्ये कारागिराला हत्यारे आणि व्यापाऱ्याला भांडवल जकातीतून द्यावे, असे लिहून उदाहरणे दिली आहेत. जवाहिऱ्याला दहा हजार दिरहम, आणि भाजी विकणाऱ्याला पाच किंवा दहा. सातशे वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये बसलेल्या त्या फकीहला भाजीवाला आठवला होता.

मग आपण काय करावे? बारामतीला जाऊन दहा दिवस राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी वर्ग गावातच मागावा. कृषी विज्ञान केंद्रे आपल्या आवाराबाहेर, गावात जाऊनही प्रशिक्षण घेतात, आणि माणदेशीने तर बायकांच्या दारी जाणारी बसच फिरवली. आठ-दहा शेतकरी आणि विक्रेत्यांच्या सह्यांचा अर्ज गावाकडून गेला पाहिजे, आणि त्यात आठवड्याचे कोणते वार व कोणती वेळ सोयीची ते लिहिलेले असले पाहिजे. वार विचारायचे ते विक्रेत्यांना, मशिदीच्या कमिटीला नव्हे. पुरुषांना इशानंतरची वेळ बरी पडेल. बायकांना दुपारची, तीही बाजार नसलेल्या दिवशी. दोन तासांचे सहा वर्ग पुरेसे होतात, आणि एकही बाजार बुडत नाही. मग सहा महिने कुणीतरी दर पंधरवड्याला त्यांच्या वहीकडे एकदा पाहायचे. हे काम गावातला बारावी वाणिज्य शिकलेला मुलगा करू शकतो, आणि त्याच्या पेट्रोलचा खर्च लिल्लाहमधून निघू शकतो.

यादी मात्र रमजान लागल्यावर करू नका, तेव्हा घाई होते आणि जे दाराशी येतात त्यांचीच नावे लागतात. शाबानमध्येच बसा. सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत आणि ज्यांना पाहून अजाण माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो. बाजाराच्या दिवशी दुपारी एक फेरी मारा, आणि जिच्या पाटीत सकाळचाच माल तसाच आहे तिचे नाव आधी लिहा.